ऊन पडलं की थांबा!

डिसेंबर जवळ आला की वाळूजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप्सवर दोन प्रकारचे फोटो फिरायला लागतात. एक, इयर-एंडच्या टार्गेटचे. दुसरे, गुडघाभर बर्फात दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या कुणा मित्राचे. पहिल्या फोटोंमुळे डोकं उठतं, दुसऱ्यामुळे पाय शिवशिवतात. मग क्वालिटीतला एक, परचेसमधली एक, टूलरूममधले दोघं असा ग्रुप जमतो, मोरे चौकात चहावर बजेट ठरतं आणि केदारकंठा किंवा ब्रह्मताल बुक होतो. उरलेल्या पीएल संपवायच्याच असतात. सचखंड एक्स्प्रेसचं दिल्लीपर्यंतचं रिझर्व्हेशन, पुढे डेहराडून, तिथून सांक्री आणि तिथून पुढे बर्फच बर्फ. आयुष्यात ज्यानं फ्रीजरपलीकडे बर्फ पाहिलेला नाही, त्याच्यासाठी हे स्वप्नच!

जा, जरूर जा. हिवाळी हिमालयासारखं दुसरं काही नाही. फक्त या प्लॅनमध्ये एक गोची आहे आणि ती हिमालयात नाही, आपल्या लीव्ह अ‍ॅप्लिकेशनमध्ये आहे.

1985 मध्ये बजाज ऑटोचा प्लांट इथे सुरू झाला, त्याच्याभोवती व्हेंडर्सचं जाळं विणलं गेलं आणि 'जस्ट इन टाइम' हा शब्द वाळूजच्या पोरासोरांनाही पाठ झाला. माल लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच. गोदामात फालतू स्टॉक नको. आपण सुट्टीही अशीच घेतो. शनिवारी निघायचं, पुढच्या रविवारी परत, सोमवारी फर्स्ट शिफ्टला हजर. मध्ये एकही दिवस मोकळा नाही. आता या कसून बांधलेल्या प्लॅनमध्ये दोन दिवसांचं हिमवादळ घुसवा. मंगळवार, बुधवार तंबूत पत्ते खेळत गेले. गुरुवारी सकाळी आकाश निळंशार, कोवळं ऊन, समोर पांढरंशुभ्र शिखर. आजच चढायचं, नाहीतर ट्रेक फुकट! सगळे एका आवाजात 'चलो' म्हणतात.

आणि हिमस्खलनाच्या दृष्टीनं पाहिलं तर नेमका हाच दिवस सगळ्यात वाईट असतो.

पेंट शॉपवाल्याला विचारा

बर्फ घसरतो कसा, हे समजायला ग्लेशियॉलॉजीची डिग्री लागत नाही. पेंट शॉपमध्ये काम केलेला कुणीही सांगेल की पत्र्यावर तेलाचा हात राहिला, डीग्रीसिंग नीट झालं नाही, तर वरचा पेंट कितीही भारी मारा, एक दिवस अख्खा पापुद्रा निघून येतो. डोंगरावर हेच होतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ कोरड्या, कडाक्याच्या थंडीत भुसभुशीत होतो. त्याचे साखरेसारखे सुटे दाणे बनतात, एकमेकांना न धरणारे. मग भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ येतो आणि या साखरेवर दोन-तीन फुटांचा नवा थर टाकून जातो. वारा असेल तर एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला घट्ट थापतो. आता वर जड फरशी, खाली साखर. फक्त धक्का लागायचा बाकी.

तो धक्का बहुतेक वेळा कोण देतं? आपणच. पाश्चात्त्य देशांत अशा अपघातांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या जातात. त्यांत दहापैकी साधारण नऊ वेळा बळी पडलेल्यानं किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी तो थर मोडलेला असतो. म्हणजे दरड डोक्यावर कोसळते तसं हे नाही. आपण चालत जातो, मधोमध उभे राहतो आणि फरशी सुटते. जोरात ओरडल्यानं हिमस्खलन होतं, ही सिनेमावाल्यांची थाप आहे. तिकडे लक्ष देऊ नका.

आणि उताराचं काय? इथे आपला देवगिरी कामाला येतो. दौलताबादच्या त्या ताशीव कड्यावर बर्फ पडला, तर तो टिकणारच नाही, पडता पडता खाली जाईल. आपल्या वाळूजच्या सपाट माळावर पडला, तर टिकेल, पण घसरणार नाही. धोका मधल्या उतारांवर असतो, साधारण 30 ते 45 अंशांच्या. आता गंमत बघा. आपल्या घराचा जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. शॉपफ्लोअरवरून मेझनाइनवर जाणारा लोखंडी जिना त्याहून थोडा खडा. म्हणजे आपल्या डोळ्यांना जो उतार 'एवढं काय त्यात' असा, चढायला मजेचा आणि फोटोला झकास दिसतो, तोच हिमस्खलनाचा लाडका. मोबाइलमध्ये अँगल मोजायची सोय असते, ट्रेकिंग पोल उतारावर आडवा ठेवून त्यावर मोबाइल टेकवला की आकडा मिळतो. क्वालिटीवाल्यांनी तरी अंदाजपंचे करू नये!

आणखी एक. आपण उभे आहोत ती जागा सपाट आहे, एवढ्यानं भागत नाही. वरच्या उतारावरून निघालेला बर्फ सपाटीवर लांबपर्यंत येतो. झाडांमध्येच एखादा मोकळा पट्टा दिसला, काठच्या झाडांच्या फक्त वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, तर समजायचं की इथून गाडी जाते. तिथे तंबूही नको आणि जेवणाचा हॉल्टही नको. केदारकंठ्यासारख्या लोकप्रिय वाटा बऱ्याचशा दाट जंगलातून जातात, म्हणून त्या तुलनेनं सुरक्षित. झाडं संपली की खेळ बदलतो.

अनुभवी असाल, तरीही

'हे सगळं एव्हरेस्टवाल्यांसाठी, आपण साधे टुरिस्ट' असं वाटत असेल तर सिक्कीमचं उदाहरण घ्या. 4 एप्रिल 2023, गंगटोकहून नथुलाकडे जाणारा जवाहरलाल नेहरू मार्ग. रस्त्याच्या कडेला बर्फात खेळायला उतरलेल्या पर्यटकांवर हिमस्खलन आलं. सात जण गेले. परवाने होते तेराव्या मैलापर्यंतचे, माणसं होती पंधराव्या मैलाजवळ. दोन मैल पुढे बर्फ जास्त होता, एवढंच कारण. घाटात धबधबा दिसला की गाडी साइडला लावून रेलिंग ओलांडणारे आपण, आपल्याला हे कारण अगदी ओळखीचं वाटायला हवं.

उलट टोक पाहायचं तर द्रौपदी का डांडा. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी तिथे हिमस्खलनात सापडली. शिकणारे आणि शिकवणारे मिळून 29 जण गमावले. त्यांत सविता कंसवाल होत्या, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढून आलेल्या. ज्या संस्थेत देशाला डोंगर शिकवला जातो, तिथली ही गोष्ट. बर्फाला तुमचा बायोडेटा वाचता येत नाही.

बंगालच्या उपसागरातलं वादळ हिमालयात माणसं मारू शकतं, हे 2014 मध्ये सगळ्यांना कळलं. 12 ऑक्टोबरला हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचे अवशेष नेपाळमध्ये पोचले, अन्नपूर्णा-धौलागिरी भागात बर्फाचा मारा झाला, हिमस्खलनं झाली आणि थोरांग ला खिंडीच्या परिसरात चाळीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. सीझन ऐन भरात होता, वाट जगप्रसिद्ध होती. तेव्हा ट्रेकला निघण्याआधी नुसतं डेहराडूनचं टेंपरेचर बघू नका. देशाच्या नकाशावर कुठे काय फिरतंय, तेही बघा.

अलीकडची, 28 फेब्रुवारी 2025 ची घटना तर जास्तच विचार करायला लावणारी आहे. बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कॅम्पवर हिमस्खलन आदळलं. 54 कामगार, पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहणारे. 46 वाचले, आठ गेले. चमोलीसह पाच जिल्ह्यांच्या उंच भागांसाठी चोवीस तासांचा इशारा आदल्याच संध्याकाळी जारी झालेला होता.

पाचातले तीन म्हणजे पास नव्हे

हा इशारा देतं कोण? चंदीगडची डीजीआरई, म्हणजे संरक्षण खात्याच्या डीआरडीओची संस्था. पूर्वी मनालीला 'सासे' नावाची संस्था होती, ती 2020 मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन ही तयार झाली. मुळात हे काम लष्करासाठी सुरू झालं आणि ते का, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फ कोसळून दहा जवान गेले, त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी होते. त्यांना तिथे सुट्टीचा हिशेब करून मागे फिरायची मुभा नव्हती. आपल्याला आहे.

हिवाळ्यात जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम या भागांसाठी डीजीआरईचे इशारे निघतात, जिल्हा प्रशासन ते पुढे देतं आणि स्थानिक बातम्यांत ते येतात. धोक्याची पातळी एक ते पाच अशी असते. आता आपलं शाळकरी डोकं म्हणतं, पाचपैकी तीन म्हणजे मधलं, म्हणजे चालतंय की. चूक! ही पायरी-पायरीनं वाढणारी पट्टी नाही, प्रत्येक पातळीला धोका झपाट्यानं वाढतो. स्वित्झर्लंडमध्ये जीवघेणे अपघात सर्वाधिक होतात ते तिसऱ्या पातळीच्या दिवशी. पाचव्या पातळीला कुणी घराबाहेरच पडत नाही, तिसरीला सगळे पडतात.

बुलेटिन हाती नसेल तरी डोंगर स्वतः बरंच बोलतो. शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसतंय का? हा सगळ्यात स्पष्ट पुरावा, पण लोक त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढतात. पाय ठेवल्यावर खालून 'धप्प' असा दबका आवाज आला, पायापासून बर्फात भेग पळत गेली, चोवीस तासांत फूटभर नवा बर्फ पडला, शिखरावरून बर्फाची धूळ उडताना दिसते आहे, किंवा कडाक्याच्या थंडीनंतर अचानक ऊब जाणवायला लागली. यातलं एकही लक्षण दिसलं तर उभ्या उताराकडे पाठ फिरवायची. कंपनीत याला निअर मिस म्हणतात आणि त्याचा रिपोर्ट भरावा लागतो. इथे रिपोर्ट कुणी मागत नाही, एवढाच फरक.

वादळानंतर पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वांत नाजूक. नव्या थराला खालच्या थराशी जुळायला वेळ लागतो. खाली साखर असेल तर कित्येक दिवसही लागतात. म्हणून 'काल थांबलो, आज चालेल' हे दर वेळी खरं नसतं, पण निदान काल थांबलो तरी पाहिजे. मराठवाड्याला ही चाल परकी नाही. 31 ऑगस्ट 2021 ला मुसळधार पावसानं कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. 2023 च्या जुलैत इर्शाळवाडी गेली, तीही सलग पावसानंतर. पाणी असो की बर्फ, डोंगर त्याचं ओझं काही काळ धरून ठेवतो आणि मग सोडतो. आपण वर बघून 'उघडलं बरं का' म्हणतो, तेव्हा ओझं वरच असतं.

हेल्मेट सगळ्यात शेवटी

सेफ्टी ट्रेनिंगमध्ये जांभया देत ऐकलेली एक गोष्ट आठवते? धोका आधी काढून टाका, ते जमत नसेल तर त्यापासून लांब राहा, मग कामाची पद्धत बदला आणि पीपीई, म्हणजे हेल्मेट-ग्लोव्हज, सगळ्यात शेवटी. बर्फातही क्रम हाच. दुर्दैवानं आपली शॉपिंग उलट्या टोकापासून सुरू होते: भारी जॅकेट, गॉगल, मायक्रोस्पाइक्स. मायक्रोस्पाइक्स पाय घसरू देत नाहीत, अख्खा उतार घसरला तर त्यांचा काही उपयोग नाही.

लांब राहायचं म्हणजे धारेवरून जाणारी किंवा झाडीतली वाट धरायची आणि खोल नाळ टाळायची. अरुंद नाळेत थोडासा बर्फ आला तरी खोलवर साचतो. पद्धत बदलायची म्हणजे पहाटे लवकर निघून ऊन तापायच्या आत परतायचं. संशयास्पद उतार ओलांडावाच लागला तर एका वेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवून. ही गोष्ट साधी आहे, पण मराठी ग्रुपला सगळ्यात अवघड. आपण देवदर्शनालाही एकमेकांना चिकटून जातो. सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा, पोलच्या मनगटातल्या दोऱ्या अशा ठिकाणी मोकळ्या ठेवायच्या.

आणि पीपीई? बर्फाळ देशांत तीन वस्तूंशिवाय माणूस अशा उतारावर जात नाही: ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं. ट्रान्सीव्हर हा छातीला बांधायचा छोटा रेडिओ. तो सतत सिग्नल देतो आणि कुणी गाडलं गेलं तर इतरांनी आपापले यंत्र 'शोध'वर टाकून त्याला हुडकायचं. प्रोब म्हणजे उलगडून लांब होणारी सळई, ती खुपसत नेमकी जागा ठरवायची. मग फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे हवं आणि वापरायचा सराव हवा. आपल्याकडच्या कमर्शियल ट्रेकवर हे सरसकट मिळत नाही. मग कुठल्या उतारावर जायचं नाही, हे आपोआप ठरतं.

घाई किती असते ते सांगतो. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी साधारण नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की तीनच. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, हातानं उकरता येत नाही, आतल्या माणसाला बोट हलवता येत नाही. हेलिकॉप्टर, एसडीआरएफ, आयटीबीपी सगळे नंतर येतात. पहिली पंधरा मिनिटं ग्रुपची. सापडलात तर ओरडा, पोल टाकून द्या, प्रवाहाच्या कडेकडे सरकत वर राहायची धडपड करा आणि बर्फ थांबायच्या आत तोंडासमोर हात घेऊन श्वासापुरती पोकळी करा.

मागे फिरलेली माणसं

आता पुन्हा त्या लीव्ह अ‍ॅप्लिकेशनकडे. 'एवढे पैसे भरलेत, एवढ्या लांबून आलोय' हा विचार डोंगरात जितका घात करतो तितका क्वचितच दुसरं काही करत असेल. त्यावर उतारा शोधायला नेपाळ-स्वित्झर्लंडला जायला नको, आपल्याच शहरात तो आहे.

पोलिस कॉन्स्टेबल रफिक शेख 2014 मध्ये एव्हरेस्टसाठी गेले. त्या वर्षी 18 एप्रिलला खुंबू आइसफॉलमध्ये हिमस्खलन होऊन सोळा नेपाळी कर्मचारी गेले आणि मोहिमा थांबल्या. 2015 ला पुन्हा गेले तर नेपाळचा भूकंप. दोनदा रिकाम्या हातानं परत. पैसा, रजा, सराव, सगळं पणाला लावून. 19 मे 2016 ला ते शिखरावर उभे राहिले. मनीषा वाघमारे यांचं तर आणखी अवघड. 2017 मध्ये शिखर फक्त 170 मीटरवर होतं. हवामान बिघडलं आणि त्या वळल्या. बाबा पेट्रोलपंपापासून क्रांती चौकापर्यंतच्या अंतराहून कितीतरी कमी अंतर! पुढच्या वर्षी, 21 मे 2018 ला, त्यांनी एव्हरेस्ट सर केलं. 170 मीटरवरून परत फिरलेली माणसं या शहरात असताना केदारकंठ्याच्या झाडीतून परत यायला आपल्याला कसली लाज?

तेव्हा या सीझनला प्लॅन करताना दोन दिवस जास्त टाका. सुपरवायझरला सांगताना 'बफर' म्हणा, त्याला लगेच कळेल. परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या रात्रीचं काढू नका. दोन दिवस उरलेच तर डेहराडून-मसुरीत बन-ऑम्लेट खात घालवा, कुणी अडवलंय? आणि पैसे भरण्याआधी कंपनीला फोन करून सरळ विचारा: बर्फ पडला तर समिट रद्द करायचा निर्णय कोण घेतो, ऑफिस की लीडर? हिमस्खलनाचा इशारा रोज बघता का, कॅम्पवर तो कसा पोचतो? वाटेत तीस अंशांहून खडा उतार कुठे आहे? लीडरनं गिर्यारोहणाचा कुठला कोर्स केलाय? एखाद्या बॅचला कधी अर्ध्यातून परत आणलंत का?

शेवटच्या प्रश्नावर 'नाही सर, आमचा समिट रेट शंभर टक्के' असं अभिमानानं उत्तर आलं, तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर लावा.